शिस्त, माशी आणि दुर्बीण : रायफलीच्या नेमसाधनांची परिभाषा व निवड

'शिस्त' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने तो फारसीतून आलेला नाही. फारसीत 'शस्त' म्हणजे धनुष्याची दोरी ओढताना धनुर्धारी अंगठ्यात घालीत असे ते कडे. त्यावरून बाण रोखणे, नेम साधणे हा अर्थ आला आणि त्याच अर्थाने हा शब्द मराठीत रुळला. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा अथवा तोफेचा रोख धरणे होय. डोळा, नळी व लक्ष्य एका रेषेत आणणे ही शिस्त. त्या रेषेवरून रांगेत, ओळीत राहणे आणि त्यावरून नियमाने वागणे, असा पुढील अर्थविकास झाला असावा असे मला वाटते. 'नेम' या शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झालेला दिसतो. 'नियम' या संस्कृत शब्दाचे ते तद्भव रूप. 'नेमधर्म', 'नेमाने' यांत मूळचा अर्थ शिल्लक आहे. पण 'नेम धरला', 'नेम चुकला' यांत तो बंदुकीच्या टोकाशी जाऊन बसला आहे. एक शब्द नेमाकडून नियमाकडे आला, दुसरा नियमाकडून नेमाकडे गेला.

हा केवळ व्युत्पत्तीचा विनोद नव्हे. सातारा व सांगली या जिल्ह्यांतून (१९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जात असे) सैन्यात जाण्याची परंपरा जुनी आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच प्रसिद्ध आहे, आणि देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यासच निघाली. सैन्यातील व राष्ट्रीय छात्रसेनेतील शिक्षणाची भाषा हिंदी. तिच्यात 'शिस्त लेना' म्हणजे आजही नेम धरणे. खटाव अथवा तासगाव तालुक्यातील मुलास उस्तादाने 'दुरुस्त शिस्त लो' असे सांगितले, की त्याच्या मराठी कानास ती वागणुकीविषयीची ताकीद वाटते. छात्रसेनेचे ब्रीद हिंदीत 'एकता और अनुशासन' असे आहे. ते मराठीत सांगताना आपण 'एकता आणि शिस्त' म्हणतो. म्हणजे एकच शब्द सकाळच्या कवायतीत एका अर्थाने व गोळीबाराच्या मैदानावर दुसऱ्या अर्थाने त्याच मुलाच्या कानी पडतो. परिभाषा घडविणाऱ्यास असल्या ठिकाणी वस्तू समजून घेतल्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून प्रस्तुत लेखात शब्दांच्या निमित्ताने रायफलीवरील नेमसाधनांची रचना, आणि जवळ व दूर अशा दोन्ही अंतरांस उपयोगी पडेल अशा साधनाची निवड, यांचा विचार केला आहे.

सर्वांत साधे साधन म्हणजे नळीच्या टोकावरील बारीक उंचवटा व डोळ्याच्या बाजूची खाच. टोकावरील उंचवट्यास मराठीत 'माशी' म्हणतात, हिंदीत 'मक्खी'. जर्मन भाषेत त्याच भागास 'कोर्न', म्हणजे दाणा, म्हणतात. इंग्रजीत 'बीड', म्हणजे मणी. नळीच्या टोकावर काळा ठिपका बसलेला पाहून कोणास माशी आठवली, कोणास दाणा, कोणास मणी. मागील भागास मात्र आपल्याकडे 'खाच' याहून वेगळे नाव नाही, आणि त्याची गरजही मला दिसत नाही.

या साधनाची अडचण रचनेची नसून डोळ्याची आहे. खाच डोळ्यापासून हातभराच्या आत, माशी त्याच्या पुढे, आणि लक्ष्य शंभर मीटरांवर. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकते. म्हणून शिकवणीत माशी स्पष्ट पाहावी, खाच व लक्ष्य किंचित अंधूक राहू द्यावीत असे सांगतात. चाळिशी उलटल्यावर डोळ्याची ही लवचिकता कमी होते आणि माशीही अंधूक होऊ लागते. दुसऱ्या महायुद्धातील ली-एनफील्ड रायफलीच्या चौथ्या नमुन्यात खाचेऐवजी बारीक छिद्र आले, ते यावरील सोपा उपाय म्हणून. छिद्रातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि छिद्र लहान असल्यामुळे जवळचे व दूरचे दोन्ही बरेचसे स्पष्ट दिसते. याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. भर दुपारी उत्तम चालणारे छिद्र संध्याकाळी काळे पडते.

छिद्राची शक्ती किती आहे हे पाहावयाचे असेल तर दूर जावयास नको. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले. या स्पर्धेत दुर्बिणीस मनाई असते. मागे छिद्र व पुढे कडी एवढ्यावरच नेम धरावयाचा. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो. तेव्हा दुर्बीण म्हणजे अचूकपणा हा समज खरा नव्हे. मात्र तेथील अंतर ठरलेले, प्रकाश ठरलेला आणि लक्ष्य स्थिर असते. रानात यांपैकी काहीच ठरलेले नसते.

'दुर्बीण' हा शब्दही फारसीच : 'दूर' आणि 'बीन', म्हणजे पाहणारा. पण रायफलीवरील दुर्बिणीचा मुख्य गुण दूरचे मोठे करणे हा नव्हे, हे नावामुळे झाकले जाते. तिचा खरा गुण असा की ती लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली एकाच पातळीवर आणते. डोळ्यास तीन अंतरांशी झगडावे लागत नाही. वर्धन हा दुसरा गुण, आणि त्याच्याबरोबर दोष येतात. वर्धन वाढले की दृष्टिक्षेत्र त्याच प्रमाणात आकुंचन पावते. एकपट ठेवल्यास शंभर मीटरांवर सुमारे ३६ मीटर रुंदीचा पट्टा दिसत असेल, तर सहापट केल्यावर तो ६ मीटरांवर येतो. हाताचा कंपही सहापट दिसतो. डोळा दुर्बिणीपासून आठ-नऊ सेंटिमीटरांच्या ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. पुढेमागे झाल्यास कडेने काळोख येतो.

दुर्बिणीच्या मागील भिंगातून बाहेर पडणारी प्रकाशाची गोल चकती, जिला मी येथे 'कवडसा' म्हणतो, तिचा व्यास पुढील भिंगाच्या व्यासास वर्धनाने भागून मिळतो. पुढील भिंग २४ मिलिमीटर व वर्धन सहापट असल्यास कवडसा ४ मिलिमीटरांचा होतो. तिन्हीसांजेस डोळ्याची बाहुली त्याहून मोठी होते, म्हणून प्रतिमा मंद भासते. तीच दुर्बीण तीनपटीवर आणली तर कवडसा ८ मिलिमीटरांचा होऊन चित्र उजळते. अंधारात वर्धन कमी करावे हा नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो, पण त्याचे कारण हे असे आहे.

तिसरे साधन लाल ठिपक्याचे. वक्र काचेवर एका लहान दिव्याचे प्रतिबिंब अशा रीतीने पाडलेले असते की तो ठिपका दूर लक्ष्यावरच असल्याचा भास होतो. ही प्रतिबिंबाची कल्पना आयर्लंडमधील हॉवर्ड ग्रब यांनी १९०० च्या सुमारास मांडली. विजेरीवर चालणारे आजचे साधन १९७५ साली स्वीडनमध्ये आले. यात वर्धन नाही, डोळ्याच्या अंतराचे बंधन नाही आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. जवळच्या व हलत्या लक्ष्यास याच्याइतके जलद साधन नाही. दोष दोन : विजेरी संपली की ठिपका गेला, आणि ज्यांच्या डोळ्यात दृष्टिवैषम्य आहे त्यांना ठिपक्याऐवजी फुटलेले फूल दिसते. ठिपक्याचा आकार कोनाच्या कलांत मोजतात. एक कला शंभर मीटरांवर सुमारे २.९ सेंटिमीटर होते, तेव्हा दोन कलांचा ठिपका तेथे सुमारे पावणेसहा सेंटिमीटर जागा झाकतो.

आता निवडीचा प्रश्न. सातारा-सांगलीच्या भूमीवर तो फार स्पष्ट दिसतो. पश्चिमेस कोयना व चांदोलीचे रान. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळणारी ठिकाणे आहेत, आणि झाडीत वीस-तीस मीटरांपलीकडे नजर जात नाही. मधल्या पट्ट्यात कृष्णाकाठचा ऊस. पूर्वेस माण, आटपाडी, जत येथील उघडे माळ. पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि उन्हात तापलेल्या जमिनीवर हवा थरथरत असते. एकाच साधनाने पाटणपासून जतपर्यंत काम करावयाचे तर काय घ्यावे?

मोठे वर्धन घ्यावे असे पुष्कळांस वाटते. माझ्या मते ती चूक होय. माळावर बारा-पंधरापट वर्धन हवेची थरथरच मोठी करून दाखविते, आणि रानात तर लक्ष्य सापडतच नाही. एकपट ते चारपट किंवा एकपट ते सहापट अशी बदलत्या वर्धनाची दुर्बीण या प्रदेशास सर्वांत अधिक जुळते. फुली मध्यभागी प्रकाशित होणारी असावी, म्हणजे एकपटीवर ती लाल ठिपक्याचे काम जवळजवळ करते. 'जवळजवळ' अशासाठी की डोळ्याच्या अंतराचे बंधन तेव्हाही पूर्ण सुटत नाही, आणि वजन ठिपक्याच्या साधनाच्या दुपटीहून अधिक भरते. फुली पुढील पातळीवर असेल तर वर्धनाबरोबर तीही लहानमोठी होते, मागील पातळीवर असेल तर कायम तेवढीच दिसते. इतक्या अल्प वर्धनास दुसरा प्रकार डोळ्यास सोयीचा पडतो. आत कोरडा नायट्रोजन भरून बंद केलेली नळी पश्चिम भागासाठी आवश्यकच समजावी, नाहीतर श्रावणात भिंगे आतून धुरकटतात.

दुसरा मार्ग जोडणीचा : लाल ठिपका, आणि त्यामागे कडेला वळविता येणारे तीनपट वर्धनाचे भिंग. जवळच्या कामाचे प्रमाण अधिक असेल तर ही जोडणी बरी. मात्र भिंग लक्ष्याबरोबर ठिपकाही तिप्पट करते, हे विकत घेताना लक्षात येत नाही. कोणतेही साधन घेतले तरी मूळची माशी व छिद्र काढून टाकू नयेत. काच फुटते, विजेरी संपते. माशी बसलेलीच असते.

या सर्वाचा उपयोग कोणास? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपविला आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून रायफल बाळगता येत नाही. उरले जवान, पोलीस, नेमबाज आणि एक चौथा वर्ग, ज्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही : वनखात्याबरोबर भुलीच्या सुईची बंदूक घेऊन जाणारे पशुवैद्य. कऱ्हाड, पाटण, शिराळा या तालुक्यांत उसात बिबट्या शिरणे आता नवलाचे राहिलेले नाही. कोणी घरात, विहिरीत, फासात अडकला की भोवती गर्दी जमते, उजेड सरत असतो, आणि सुई मांडीच्या अथवा खांद्याच्या स्नायूतच बसावी लागते. ती पोटात किंवा छातीत शिरली तर वाचविण्यासाठी उचललेले हत्यारच प्राणी मारते.

येथे वर्धनापेक्षा अंतराचे ज्ञान महत्त्वाचे ठरते. सुईचा वेग गोळीच्या मानाने फारच अल्प. तो सेकंदास ७५ मीटर धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर वीस मीटर जाईपर्यंत सुई सुमारे ३५ सेंटिमीटर खाली येते. चाळीस मीटरांवर हीच घसरण सुमारे १४० सेंटिमीटर होते. अंतर दुप्पट, घसरण चौपट. म्हणून काही बंदुकांत नेम कायम ठेवून वायूचा दाबच अंतराप्रमाणे बदलतात. अंदाज दहा मीटरांनी चुकला, तर उत्तम दुर्बीणही सुई प्राण्याच्या पाठीवरून नेईल किंवा त्याच्या पायांखाली रोवील. या कामास एकपट ते चारपट दुर्बीण व हाती वेगळे अंतरमापक, एवढे पुरेसे असते. पंचवीस मीटरांवर चारपटीतून अदमासे अडीच मीटरांचा पट्टा दिसतो, त्यात बिबट्याचे सारे अंग मावते. आणि तो उठून चालू लागला तर एकपटीवर येण्यास मनगटाचे एक वळण लागते.

शेवटी शब्दांविषयी. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि फारसी नावांस संस्कृत पर्याय दिलेले आहेत; तरी लोकांच्या तोंडी तोफ आणि बंदूक राहिलीच. तेव्हा रुळलेले शब्द बदलू नयेत. माशी, खाच, छिद्र, फुली, ठिपका हे पाच शब्द कोशात जसेच्या तसे घ्यावेत. डोळा हलला असता फुली लक्ष्यावरून सरकल्याचा जो भास होतो, त्यास भौतिकशास्त्रातील 'पराशय' हा शब्द आहेच. गोळी व नेम एका ठिकाणी जुळवून घेण्याच्या क्रियेस जवान 'झिरो करणे' म्हणतात; ते क्रियापद आता मराठीच झाले आहे आणि 'शून्यीकरण' म्हणून कोणी जवान बोलेल असे मला वाटत नाही. 'शिस्त' मात्र कोशात दोन अर्थांनी नोंदवावी, आणि नेमाचा अर्थ पहिला द्यावा.