बर्फाचा उतार ओळखता यायला हवा

दिवाळी सरली की पुण्यातल्या ट्रेकिंग संस्थांच्या आणि पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत बर्फ दिसू लागतो. कुणी केदारकांठा किंवा ब्रह्मतालला निघतो, कुणाच्या काश्मीर सहलीत गुलमर्गची स्नो स्कूटरची फेरी असते, कुणी मनालीजवळच्या सोलांगला जातो. तयारीच्या गप्पा थंडी, बूट आणि विरळ हवा यांभोवती फिरतात. हिमस्खलनाचा विषय निघालाच, तर तो नशिबावर सोडून दिला जातो. माझे म्हणणे असे की, आखलेली वाट सोडून बर्फाच्या उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पायी असो, स्कीवर असो की यंत्रावर, हिमस्खलनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेच पाहिजे. आणि त्याची सुरुवात पुण्यातूनच व्हायला हवी.

सह्याद्रीत तयार झालेल्या माणसाला हे पटवणे थोडे अवघड जाते. कडा जितका उभा तितका धोका मोठा, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. बर्फात हा हिशेब चुकतो. फार उभ्या उतारावर बर्फ साठतच नाही, तो थोडाथोडा घसरून जातो. माणसे गाडणारी बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतात. म्हणजे जो झाडे नसलेला, गुळगुळीत, चालायला मोहक वाटणारा उतार असतो, त्यावरच. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेल्या पातळ बर्फाचे कडक थंडीत सुटे, खडबडीत कण होतात. त्यावर पुढच्या हिमवृष्टीचा आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा घट्ट थर बसतो. साखरेच्या थरावर शहाबादी फरशी ठेवावी, तशी ही रचना असते. वरून सगळे भक्कम दिसते, पण एका माणसाच्या वजनानेही तो थर तडकतो आणि अख्खी फरशी एकदम सुटते. 2014 साली आंबेगाव तालुक्यात माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा अतिवृष्टी झाली होती आणि माणसे आपल्या घरात होती. हिमस्खलनाच्या अपघातांत मात्र बहुतेक वेळा तो थर गाडला जाणारा माणूस किंवा त्याचा सोबतीच मोकळा करतो. म्हणजे हा अपघात बऱ्याच अंशी निर्णयाचा असतो, आणि निर्णय शिकवता येतो.

यंत्रावरच्या माणसाला हे शिक्षण अधिकच लागते. पायी चालणाऱ्याला जिथे पोहोचायला दिवस लागतो, तिथे स्नोमोबाइल थोड्या वेळात नेते. वाटेत बर्फ पाहण्याची, पायाखालचा ‘धप्प’ असा इशारा ऐकण्याची संधीच उरत नाही, कारण इंजिनाचा आवाज सगळे गिळतो. कॅनडात याची जबर किंमत मोजली गेली आहे. डिसेंबर 2008 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या स्पारवूड गावचे 11 स्नोमोबाइलस्वार डोंगरात होते. पहिल्या हिमस्खलनात काहीजण गाडले गेले, बाकीचे मदतीला धावले आणि दुसऱ्या हिमस्खलनाने त्यांनाही गाठले. 8 जण गेले. मार्च 2010 मध्ये रेव्हलस्टोकजवळ स्नोमोबाइलस्वारांच्या मोठ्या मेळाव्यावर बर्फ कोसळून दोघांचा मृत्यू झाला. कोणी कुठे थांबायचे, एका वेळी उतारावर किती जणांनी असायचे, मदतीला जाण्याआधी वर काय लोंबकळते आहे हे कसे पाहायचे, हे नियम प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी येतात.

गाडल्या गेलेल्या माणसाजवळ वेळ किती असतो, हे स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून स्पष्ट झाले आहे. पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी 10 पैकी सुमारे 9 जण वाचतात. 35 मिनिटांनंतर हे प्रमाण 10 पैकी 3 च्या आसपास येते. गुदमरून मृत्यू ओढवतो. लष्कर किंवा आपत्ती दल कितीही तत्पर असले, तरी एवढ्या वेळात पोहोचणे त्यांना जवळपास अशक्यच असते. वाचवणारा असतो तो शेजारचा सोबती. त्याच्याजवळ 457 किलोहर्ट्झवर संदेश देणारे-घेणारे बीकन, जोडून लांब होणारी शोधकाठी आणि धातूचे फावडे, तिन्ही हवीत. पण घाबरलेल्या माणसाला बीकनवरचे आकडे आणि बाण पाहून शोध घेता येत नाही, जोवर त्याने तो आधी अनेकदा घेतलेला नसतो. घट्ट बसलेला बर्फ उपसण्याचीही पद्धत असते. सरळ खाली खणत बसणारा वेळ घालवतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, शिकलेलीच माणसे मरतात. 8 फेब्रुवारी 2010 रोजी गुलमर्गजवळ लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या तुकडीवर बर्फ कोसळून 17 जवान गेले. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराजवळ सापडली आणि 29 जणांना आपण मुकलो. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेली प्रशिक्षक सविता कंसवालही होती. हे वास्तव झाकून प्रशिक्षणाचा पुरस्कार करणे अप्रामाणिक ठरेल. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतले शेकडो अपघात तपासून दाखवले की, धोक्याची चिन्हे समोर असतानाही माणसे पुढे जातात. उतार ओळखीचा असतो, शिखराची ओढ असते, इतर गट पुढे गेलेले असतात, नेत्यावर भरवसा असतो. यातून प्रशिक्षण व्यर्थ आहे, असे निघत नाही. निघते ते असे की, बर्फाच्या थरांइतकेच गटाच्या मनाचे शिक्षण हवे: ‘परत फिरूया’ असे सर्वांत नवखा म्हणाला, तरी ते ऐकले जाईल अशी रीत आधी ठरवायला हवी.

दुसरा आक्षेप पर्यटकांचा. गुलमर्गमध्ये ठरलेल्या मार्गावर, स्थानिक चालकामागे बसून अर्धा तास फिरणाऱ्याला अभ्यासक्रमाची गरज नाही, हे मान्य. पण मार्गाबाहेर नेण्याचा आग्रह त्यानेही धरू नये. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर 15 व्या मैलाजवळ हिमस्खलन होऊन 7 पर्यटक दगावले. परवाना 13 व्या मैलापर्यंतचाच होता, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. त्याच वर्षी 1 फेब्रुवारीला गुलमर्गच्या अफरवाट उतारावर दोन पोलिश स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. संरक्षण संशोधन संस्थेची चंडीगडची डीजीआरई ही प्रयोगशाळा हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते. ते वाचायला प्रशिक्षणही लागत नाही, सवय लागते.

पुण्यात बर्फ नाही, ही सबब मला पटत नाही. गिरिप्रेमी या संस्थेने 2012 साली इथूनच जाऊन एव्हरेस्ट गाठले, आणि गिर्यारोहण शिकवणारी गार्डियन गिरिप्रेमी संस्थाही याच शहरात आहे. बर्फाचे थर खणून तपासणे उत्तरकाशी, मनाली, पहलगाम किंवा गुलमर्गलाच शिकावे लागेल. पण उतार किती अंशांचा आहे याचा अंदाज बांधून तो क्लिनोमीटरने पडताळणे सिंहगडाच्या वाटेवर करता येते. वेताळ टेकडीवर वाळल्या गवतात बीकन लपवून, घड्याळ लावून, 15 मिनिटांच्या आत ते शोधण्याचा सराव कोणत्याही रविवारी होऊ शकतो. हिवाळी हिमालयात ट्रेक नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने असे चार रविवार नावनोंदणीच्या अटीतच घालावेत, आणि पालकांनी पैसे भरण्यापूर्वी त्यांची चौकशी करावी.