घर बघण्याआधी शाळा बघा

एप्रिल महिना लागला की आपल्याकडे दोन धावपळी एकदम सुरू होतात. एक भाड्याचे घर बदलण्याची आणि दुसरी शाळाप्रवेशाची. पुष्कळ घरांत या दोन्हींची गाठ पडते. "अमक्या शाळेच्या जवळ घर मिळालं, आता पोरांची काळजी मिटली," असे कुणीतरी सांगते आणि ऐकणारेही मान डोलावतात. ती शाळा आत जाऊन पाहिली का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

आम्हीही विचारले नव्हते. माझे माहेर खानापूरकडचे, मराठी. सासर बैलहोंगलचे, कन्नड. घरात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. काही वर्षांपूर्वी यांची बदली झाली तेव्हा मुलगी दुसरीत जाणार होती. एका नावाजलेल्या शाळेची मोठी इमारत पाहिली, रंगीत गणवेश पाहिला आणि पलीकडच्याच गल्लीत दीडपट भाड्याने घर घेतले. अ‍ॅडव्हान्स भरल्यावर मग प्रवेश घेतला. म्हणजे सगळा क्रमच उलटा!

पहिले चार महिने आम्ही खूश होतो. वह्या स्वच्छ, अक्षर टपोरे, पानापानावर 'बरोबर'ची खूण. दिवाळीत सासूबाई आल्या. त्यांनी नातीला जवळ घेऊन धडा वाचायला सांगितला. पोरगी घडाघडा म्हणू लागली. सासूबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि मग मला हळूच म्हणाल्या, "अगं, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर आहे. ही वाचत नाही, पाठ म्हणतेय."

खरेच होते ते. फळ्यावरचे उतरवून काढायचे आणि सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणायचे, एवढेच ती शिकली होती. शाळेत जाऊन पाहिले तर वर्गात पन्नासच्या वर मुले. बाई स्वभावाने चांगल्या, पण त्या वर्षातल्या तिसऱ्या. आधीच्या दोघी सोडून गेलेल्या. पुढच्या वर्षी शाळा बदलली. मुलगी नीट वाचायला लागायला आणखी एक वर्ष गेले. धाकट्याच्या वेळी आम्ही आधी शाळा पाहिली आणि मग घर. त्या अनुभवातून जे शिकलो ते इथे मांडते.

साध्या दिवशी जा

स्नेहसंमेलनाला सगळ्याच शाळा छान दिसतात. शाळा पाहायची तर एखाद्या साध्या बुधवारी, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. एप्रिल-मेमध्ये वर्ग भरत नाहीत, म्हणून घर बदलायचा विचार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच जाऊन यावे. सगळ्या वर्गांत शिक्षक आहेत का ते पाहा. मुले बाईंना प्रश्न विचारतात का, की फक्त एका सुरात उत्तरे देतात? शाळा सुटताना फाटकापाशी दहा मिनिटे उभे राहा. बाहेर पडणाऱ्या पोरांचे चेहरे आणि गप्पा पुष्कळ काही सांगून जातात.

शिक्षक किती, टिकतात किती

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. शाळेत 60 पर्यंत मुले असली तरी किमान दोन शिक्षक हवेत. याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. म्हणून दोन प्रश्न सरळ विचारावेत. शिक्षक किती आहेत? आणि त्यातले तीन वर्षांपूर्वीचे किती आहेत? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापेक्षा महत्त्वाचे. सारखे शिक्षक बदलत असतील तर लहान मुलांचे फार नुकसान होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळांत 'नली-कली' पद्धतीत पहिली ते तिसरीची मुले एकाच खोलीत गटागटाने बसलेली दिसतील. ते पाहून "इथे वर्गच नाहीत" असे ठरवू नका. गटात मूल स्वतः काही करते आहे की नुसते बसून आहे, हे पाहा.

वही आणि वाचन

शेजारच्या एखाद्या मुलाची वही मागून घ्या. सगळ्या वह्यांत शब्दन् शब्द तेच उत्तर असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेले समजावे. चूक दुरुस्त करून दिलेली, मुलाने स्वतःच्या वाक्यात लिहिलेली वही थोडी अस्वच्छ असली तरी चांगली. तिसरी-चौथीतल्या मुलाला, त्याच्या आईसमोर, पाठ्यपुस्तकाबाहेरच्या चार ओळी वाचायला द्या. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी 2005 पासून खेडोपाडी मुलांचे वाचन तपासते, तीही अशीच, दुसरीच्या पातळीचा उतारा देऊन. आपल्याला फार वेगळे काही करायचे नाही. दहावीच्या निकालाचा फलक पाहून पहिलीचा वर्ग कळत नाही.

नळ उघडून पाहा

पिण्याचे पाणी, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, मैदान, वाचनालय या गोष्टी कायद्यात लिहिलेल्या आहेत. कागदावर त्या सगळीकडे असतात. आपण नळ उघडून पाहावा, स्वच्छतागृहाला कुलूप तर नाही ना ते पाहावे. दिवसभर पाणी न पिणारी मुलगी शाळेबद्दल घरी काहीच बोलत नाही. वाचनालयाच्या कपाटाची चावी कुणाकडे असते, हेही विचारा.

भाषेचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न सगळ्यात नाजूक. प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये दिला. 2015 च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक झाले. तेव्हा माध्यम मराठी असो, कन्नड असो की इंग्रजी, आपल्या मुलाला कन्नड शिकायचेच आहे. ते कोण शिकवते, घरी ती भाषा नसलेल्या मुलाला कसे शिकवते, हे विचारा. मधल्या सुट्टीत मूल घरची भाषा बोलले तर दंड होतो का, हेही विचारा. होत असेल तर मी तरी त्या शाळेत मूल घालणार नाही. आणखी एक. सातवीनंतर त्याच माध्यमाचे हायस्कूल जवळ आहे का? नसेल तर पुन्हा घर बदलण्याची वेळ येते.

कागदपत्रांची भीती नको

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन निवड करणे कायद्याने मना आहे. कॅपिटेशन फीही घेता येत नाही. आधीच्या शाळेची टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. सरकारी शाळेची एसडीएमसी असते, तिच्यातल्या एखाद्या पालकाला भेटा. बैठका होतात का आणि तिथे आयाबाया बोलतात का, एवढे विचारले तरी पुरे.

शेवटी घर. शाळेपर्यंतचा रस्ता सकाळी नऊ वाजता मुलाचा हात धरून एकदा चालून पाहा. मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल तर अर्धा किलोमीटरसुद्धा लांब असतो.

आमच्या धाकट्याची शाळा तीन खोल्यांची आहे. पावसाळ्यात एका कोपऱ्यात बादली ठेवावी लागते, याची तक्रार आम्ही पालकांनी दोनदा दिली आहे. पण बाई सहा वर्षांपासून त्याच आहेत. गेल्या दिवाळीत सासूबाईंनी त्यालाही जवळ घेऊन पुस्तक पुढे केले. तो अडखळत, थांबत, एकेक शब्द जोडत वाचू लागला. बोट बरोबर त्याच ओळीवर होते.