मदन महल : नऊ लाखांचा खजिना शोधायला येताय?

जबलपूरची ट्रिप म्हणजे भेडाघाट, धुआंधार आणि परतीची गाडी, असंच ठरलेलं असतं ना? या वेळी एक सकाळ मोकळी ठेवा आणि मुलांना सांगा, आपण खजिना शोधायला जातोय. थाप नाही ही! शहरातल्याच मदन महल टेकडीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, की महालाच्या सावलीत, दोन मोठ्या शिळांच्या मधे नऊ लाखांचं धन पुरलंय. शिवाय सोन्याच्या दोन विटा.

आता मुलांना पहिलं कोडं घाला. सावली कोणत्या वेळची? सकाळी ती पश्चिमेला पडते, संध्याकाळी पूर्वेला. आणि शिळा कोणत्या दोन? टेकडीवर पोहोचलात की हसूच येईल, कारण जिकडे बघावं तिकडे शिळाच शिळा.

वाटेतला बॅलन्सिंग रॉक चुकवू नका. एका खडकावर दुसरा भलामोठा खडक, जेमतेम टेकलेला. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपात जबलपुरात घरं पडली, हा पठ्ठ्या मात्र जागचा हलला नाही. ‘कोणी ठेवला?’ असं मुलं विचारणारच. कोणीच नाही. ग्रॅनाइटच्या भेगांत पाणी मुरतं, कोपरे आधी झिजतात, भोवतालची माती वाहून जाते आणि गोलसर दगड एकावर एक उरतात.

वर पोहोचल्यावर झुंबरं, दिवाणखाने शोधू नका. गोंड राजा मदनशाहाच्या नावाचा हा ‘महाल’ म्हणजे एका प्रचंड शिळेवर चढवलेली छोटीशी वास्तू. राहण्यापेक्षा टेहळणीसाठी जास्त सोयीची, असं मला तरी वाटतं. घोड्यांच्या पागेचे अवशेष आणि छोटं कुंड कोण आधी शोधतं, त्यावर पैज लावा.

मग खजिना? गोंडवनाची राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी मुघल सरदार आसफखानाशी लढताना गेली. त्यानंतर आसफखानाने चौरागढचा किल्ला घेतला. राज्याचा खजिना होता तो तिथे. सोनं, रत्नं आणि हजारेक हत्ती त्याच्या हाती लागले आणि त्यातले जेमतेम दोनशे हत्ती त्याने अकबराकडे पाठवले! एवढी लूट झाल्यावर इथे नऊ लाख कोण विसरून जाईल, सांगा.

तरीही कोणाचे हात शिवशिवलेच, तर ऐका. ही संरक्षित वास्तू आहे, खणणं गुन्हा आहे. आणि १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. म्हणून कुदळ नको, फोनचा कॅमेरा पुरे.

पाण्याच्या बाटल्या घ्या, उन्हाच्या आधी निघा. आणि हो, इथून थेट मंडल्यापर्यंत भुयार जातं, अशीही एक दंतकथा आहे. मंडला इथून शंभरेक किलोमीटर! हे मुलांना उतरताना सांगा, आधी नको. नाहीतर खाली यायलाच तयार होणार नाहीत.