जुनी पिकअप घ्यावी की भाड्याचा टेम्पोच बरा?

गेल्या महिन्यात हिंदमाताच्या बाजारातील आमचे एक स्नेही सकाळीच दुकानावर आले. चादरी आणि उशांच्या खोळी असा त्यांचा धंदा. कापड भिवंडीहून येते, शिलाई परळच्या कारखान्यात होते आणि तयार माल दादरपासून मंगलदास मार्केटपर्यंत जातो. चहा येईपर्यंतही त्यांना धीर नव्हता. "भाई, नाशिकची पिकअप आहे, २०१५ ची. साडेतीन लाखांत देतो म्हणतो. रोज टेम्पोवाल्याची मनधरणी करायची, त्यापेक्षा घेऊन टाकू का?"

हा प्रश्न आम्हाला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात. सणाच्या आधी टेम्पो मिळत नाही, मिळाला तर दुप्पट मागतो, माल गोदामात आणि गिऱ्हाईक फोनवर. अशा वेळी दारात स्वतःची गाडी उभी असावी असे कोणालाही वाटेल. पण रागाच्या भरात घेतलेली गाडी हा बहुधा महागाचा सौदा ठरतो. म्हणून आम्ही त्यांना आधी वही काढायला सांगितले. गाडी नंतर पाहू, महिन्याचे फेरे किती ते सांगा.

तो हिशेब इथे देतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. ड्रायव्हरचा पगार १८ हजार. रात्री गाडी उभी करण्याची जागा ४ हजार. लालबाग-परळच्या गल्ल्यांत ती फुकट मिळते अशा भ्रमात कोणी राहू नये. विमा, कर आणि पासिंग मिळून वर्षाला ४२ हजार धरले तर महिन्याला साडेतीन हजार. जुनी गाडी म्हणून दुरुस्तीसाठी दरमहा ५ हजार बाजूला काढावेच लागतात. साडेतीन लाखांची गाडी ४ वर्षांनी दीड लाखाला गेली, तर उरलेले दोन लाख ४८ महिन्यांवर वाटून सुमारे ४,२०० होतात. एकूण ३४,७००. गाडी एक इंचही न हलता हा खर्च होतो. आता लालबाग ते भिवंडी जाऊन-येऊन भाडे ३ हजार आणि स्वतःच्या गाडीला डिझेल व किरकोळ खर्च ९०० धरला, तर एका फेऱ्यामागे २,१०० वाचतात. म्हणजे महिन्याला १७ फेरे झाले तरच गाडी आपला खर्च भागवते.

आमच्या स्नेह्यांचे फेरे निघाले अकरा. सणाच्या दोन महिन्यांत वीस, एरवी नऊ-दहा. ते थोडे हिरमुसले. पण एकट्याचे फेरे पुरत नसतील तर शेजारच्या दुकानदाराचे सात-आठ जोडता येतात. तसे करायचे तर गाडी कोणाच्या नावावर, दुरुस्ती कोणत्या प्रमाणात आणि अपघात झाला तर काय, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. दोस्तीत लिहायचे कशाला, असे म्हणणारे पुढे वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, असे आम्ही पाहिले आहे.

नवी गाडी का नको? आपल्या बांधवांपैकी अनेकांना व्याजाच्या कर्जात पडायचे नसते. साठवलेल्या रकमेत बसेल ती जुनी गाडी घ्यावी, असा त्यांचा विचार असतो आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून मनाई आहे, तेव्हा पैसे बँकेतूनच द्यावेत. दुसरी, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायला हवा. पण विकणारा जुनाच भाव सांगत राहतो, घेणारा ऐकून घेतो. शिवाय जीएसटीत नोंद असलेल्या (कंपोझिशनमधल्या नव्हे) व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट मिळते. प्रवासी मोटारीवर ती मिळत नाही. एखाद्या खासगी माणसाकडून जुनी गाडी घेतली तर अशी कोणतीही वजावट नाही. तेव्हा नवी आणि जुनी यांतला फरक दिसतो तेवढा मोठा असतोच असे नाही.

आता आमचीच फजिती सांगतो. फेब्रुवारी २००६ मध्ये आम्ही एक जुनी पिकअप घेतली. बाजारभावापेक्षा ४० हजारांनी कमी, ताजा रंग, सीटला नवी कव्हरे. आम्ही खूश. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होते. पण त्यांतलीच एक आमच्या दारात येईल, हे डोक्यात आले नाही. पहिल्या पावसात डायनॅमो गेला, मग स्टार्टर, मग चाकांच्या बेअरिंगा. मेस्त्रीने मागचे हाउसिंग उघडले तेव्हा आतले ऑइल दुधाच्या कॉफीसारखे झाले होते. सीटखालची चटई उचलली तर खाली सुकलेला गाळ. आठ महिन्यांत ६२ हजार दुरुस्तीला गेले. ऑक्टोबरमध्ये, रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, ती गाडी ठाण्याच्या पुढे रात्री बंद पडली. सकाळपर्यंत दादरच्या दोन दुकानदारांनी दुसरीकडून माल उचलला होता. त्यांतला एक आजतागायत आमच्याकडे परतलेला नाही.

तेव्हापासून आमचा शिरस्ता असा, की मुंबई-ठाण्यातली गाडी असेल तर प्रथम पाणी शोधायचे. सीटखाली, हेडलाइटच्या काचेत, डॅशबोर्डच्या मागे वायरींच्या जोडांत. जोडावर हिरवट थर दिसला की सौदा तिथेच संपवायचा. हिंदमाताला दर पावसाळ्यात काय होते, ते आपण पाहतोच. गुडघाभर पाण्यातून रोज जाणारी गाडी वरून कितीही चकचकीत असो.

इंजिन पाहायचे तर ते थंड असताना. सकाळी सातला जाऊ असे सांगावे आणि साडेसहाला पोहोचावे. विकणाऱ्याने आधीच गाडी चालू करून गरम ठेवली असेल तर त्याला काही लपवायचे आहे असे समजावे. चालू इंजिनवर ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. तिथून भकाभका धूर येत असेल तर मेस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच, आणि इंजिनचे काम जवळ आले आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर पुढचे काही पाहूच नये. मग खाली वाकून चॅसी पाहावी. पाटे जिथे चॅसीला जोडलेले असतात तिथे वेल्डिंगचे डाग असतील तर गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिले आहे. आपला मालही त्या बाबतीत फसवा असतो. कापडाच्या गाठी हौद्यात थोड्याच दिसतात, पण वजन कधी पार होते ते कळत नाही.

एक गोष्ट मेस्त्री सांगत नाही, कारण तो कापडवाला नाही: गाडीने आधी काय वाहिले? नाशिकच्या गाडीने बहुधा कांदे-टोमॅटो वाहिलेले असतात. तो वास हौद्याच्या फळ्यांत मुरतो आणि पावसात पुन्हा सुटतो. ससून डॉकवर मासळी वाहणाऱ्या गाडीत वासाबरोबर खारे पाणीही असते, ते चॅसी आतून खाते. तेलाचे डबे किंवा रंग-रसायन वाहिलेली गाडी तर पांढऱ्या कापडाची वैरीण. म्हणून आम्ही जाताना मांजरपाटाचा एक पांढरा तुकडा नेतो, ओला करतो आणि हौद्याच्या तळावर व कोपऱ्यांवर घासतो. लोक हसतात. हसू द्यावे. बाटलीबंद पाणी, बिस्किटे किंवा औषधे वाहिलेली गाडी आमच्या मते आपल्या धंद्याला सर्वांत बरी.

लोखंडाइतकेच कागद पाहावेत, किंबहुना मुंबईत गाडीचा कागद लोखंडाआधी म्हातारा होतो. मालवाहू गाडीचे पासिंग ८ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. आणि पासिंग संपले की कायद्याच्या नजरेत गाडीची नोंदणीही वैध राहत नाही. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. पासिंग मात्र तिलाही लागतेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांच्या फिटनेस चाचणीचे शुल्क वाढवले. आधी वाढीव शुल्क १५ वर्षांपुढील गाड्यांना होते, आता ते १० वर्षांपासूनच सुरू होते आणि १५ व २० वर्षांना आणखी चढते. म्हणजे २०१५ ची गाडी आज घेणारा नेमका त्या उंबरठ्यावर उभा आहे.

दुसरे, गाडी भारत स्टेज कितवी हे आरसीवर वाचावे. मुंबईत स्टेज चार २०१० पासून लागू झाला, पण साऱ्या देशात तो १ एप्रिल २०१७ ला आला. स्टेज सहा १ एप्रिल २०२० ला. त्यामुळे बाहेरगावची २०१५ ची गाडी स्टेज तीनची असू शकते. मेस्त्रीला ती आवडते, कारण साधा पंप कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होतो. नव्या गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक काम कंपनीच्या वर्कशॉपशिवाय होत नाही. पण बंदी आली तर ती आधी जुन्या स्टेजवर येणार. मुंबईच्या हवेबाबत उच्च न्यायालयात १९९९ पासून चाललेल्या प्रकरणामुळे जुन्या टॅक्सींना डिझेल सोडावे लागले, हे आपण पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवण्याचा विचार व्हावा असे म्हटले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. म्हणून ८ वर्षांपुढील डिझेल गाडी मुंबईच्या पत्त्यावर आणण्याआधी तारदेव किंवा वडाळ्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, दलालाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. दिल्लीहून आलेली स्वस्त डिझेल गाडी तर फार सावधपणे पाहावी. तिथे १० वर्षांपुढील डिझेलवर निर्बंध आले, म्हणून ती स्वस्त झाली. तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सीएनजीची गाडी घेत असाल तर सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते, तिचा दाखला मागावा.

चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला छापा आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सवाल्याचे पत्र आणि फॉर्म ३५. थकलेली ई-चलने गाडीच्या नंबरावरून पाहता येतात. ती आधी भरायला लावावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही पाहावे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजी फॉर्म दिसला की आमचा हात आपोआप एजंटाकडे वळत असे. यात आम्ही एकटे नाही. दलाल फॉर्म २९ आणि ३० कोरेच पुढे करतो, इथे सही, तिथे सही, बाकी मी पाहतो. विकणारा सही करून मोकळा होतो, घेणारा गाडी नावावर न करता महिनोन् महिने चालवतो. यात दोघेही अडकतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी विकली असली तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे जुनी गाडी विकताना कोऱ्या कागदावर सही करणारा व्यापारी पुढे कोणाच्या तरी अपघाताचे पैसे भरतो. घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीची भरपाई हातची जाते. मुलगा किंवा भाचा इंग्रजी वाचणारा असेल तर त्या दिवशी त्याला सुटी घ्यायला लावावी.

ड्रायव्हरच्या लायसन्सबाबत एक जुनी शंका मिटली आहे. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. घरचाच मुलगा गाडी चालवणार असेल तर वर धरलेले १८ हजार वाचतात आणि सतराऐवजी आठ फेऱ्यांतही हिशेब बसतो. पण मग दुकानात कोण बसणार, तेही ठरवावे.

आमच्या स्नेह्यांनी नाशिकची ती गाडी सोडली. पांढऱ्या कापडाने नव्हे, चॅसीवरच्या वेल्डिंगने निकाल लावला. शेजारच्या टॉवेलवाल्यांचे आठ फेरे धरून दोघांचे एकोणीस होतात, तेव्हा गाडी घ्यायची हे नक्की झाले आहे. आता वडाळ्याला बिस्किटांच्या वितरकाकडे एक २०१९ ची, स्टेज चारची पिकअप निघाली आहे, ४ लाख ९० हजार सांगतो. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही मेस्त्रीला घेऊन जाणार आहोत.