भजन-कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणात बहुपट्टी इक्वलायझरचा वापर

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. मराठवाड्यातील अशा गावांचे ध्वनिविश्व मात्र सभा-भाषणांपुरते मर्यादित नाही. काकडा, हरिपाठ, हरिनाम सप्ताह आणि कीर्तन ही या भागाची जिवंत सांगीतिक परंपरा होय. पूर्वी ती कॅसेटवर उतरत असे. आता ती मोबाईल वा लॅपटॉपवर मुद्रित होते आणि अनेकदा गावातलाच एखादा तरुण संगणकावर तिचे संस्करण करतो. या संस्करणात बहुपट्टी इक्वलायझरचा हमखास वापर होतो. तथापि त्याच्या वापराचे प्रचलित पाठ बहुतांशी गिटार, ड्रमसेट व पाश्चात्त्य गायन डोळ्यांसमोर ठेवून रचलेले आहेत. पखवाज, टाळ, वीणा व पेटी यांच्या मेळास तेच नियम जसेच्या तसे लावल्यास काय बिघडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

इक्वलायझरचे स्वरूप :
इक्वलायझर म्हणजे समान करणारा. दूरध्वनीच्या लांब तारांमध्ये उच्च वारंवारतेचा ध्वनी अधिक क्षीण होत असे. ती तूट भरून काढणाऱ्या विद्युत मंडलास हे नाव मिळाले. मानवी कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ या कक्षेतील ध्वनी ऐकतो. बहुपट्टी इक्वलायझर या कक्षेचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याची पातळी स्वतंत्रपणे वाढविण्याची वा घटविण्याची सोय देतो. ग्राफिक प्रकारात पट्ट्यांची स्थाने ठरलेली असतात. ऑडॅसिटी या मुक्त सॉफ्टवेअरमधील ग्राफिक इक्वलायझरला असे ३१ पट्टे आहेत. पॅरामेट्रिक प्रकाराची मांडणी जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ मध्ये शोधनिबंधाद्वारे केली. त्यात पट्ट्याची मध्यवर्ती वारंवारता, पातळी आणि रुंदी ही तिन्ही वापरणाऱ्याच्या हाती असतात. रुंदी 'क्यू' या अंकाने दर्शवितात. क्यू जितका मोठा तितका पट्टा अरुंद. येथे हे लक्षात घेतले पाहिजे की, इक्वलायझर नवा ध्वनी निर्माण करीत नाही. मुद्रणात जे आलेच नाही ते कितीही डेसिबल वाढविल्याने येत नाही. वाढते ती पंख्याची घरघर.

षड्जाचा उंचवटा :
नवशिक्यांना सर्वत्र एक युक्ती शिकविली जाते. एक अरुंद पट्टा बराच वाढवून तो खालून वर सरकवीत न्यावा, जेथे ध्वनी घुमू लागेल तो खोलीचा दोष समजावा व तेथे पट्टा खाली ओढावा. ज्या संगीतात स्वरांचा पाया गाण्यागणिक बदलतो तेथे ही युक्ती बऱ्याच अंशी उपयोगी पडते. भारतीय संगीतात मात्र षड्ज स्थिर असतो. पेटी, वीणेची तार, पखवाजाची शाई लावलेली बाजू आणि गायकाचा कंठ हे सर्व एकाच षड्जाच्या आधाराने चालतात आणि भजन तासन्‌तास त्याच पट्टीत रंगते. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या आलेखावर जे सर्वांत उंच टोक दिसते ते पुष्कळदा षड्जाचे वा त्याच्या उपस्वराचे असते. काळी एक या पट्टीत मध्य सप्तकाचा षड्ज सुमारे २७७ हर्ट्झवर येतो आणि त्याचे उपस्वर ५५४, ८३१, ११०८ असे पटीत चढत जातात.

पखवाजाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. साध्या चर्मवाद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात. म्हणूनच ढोलाला निश्चित सूर सापडत नाही. शाईच्या भारामुळे मृदंग-तबल्याचे प्रमुख उपस्वर पूर्णांक पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. पखवाज त्याच कुळातला. त्याच्या व गायकाच्या सुराचे उपस्वर एकमेकांना दुजोरा देतात, आणि नेमक्या तेथेच नऊ-दहा डेसिबल कापले की गाण्याचा आधार जातो. पखवाज खोक्यावर थाप मारल्यासारखा वाजू लागतो आणि दोष बिचाऱ्या मृदंगाचार्यांच्या माथी येतो.

मग खोलीचा दोष ओळखावा कसा? खोलीचा अनुनाद भिंतींमधील अंतरावर अवलंबून असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरून त्यास अंतराच्या दुपटीने भागल्यास, दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पहिले अनुनाद सुमारे ५७ व ४७ हर्ट्झवर व पुढचे त्यांच्या पटीत येतात. गायकाने काळी दोन घेतली तर षड्ज ३११ हर्ट्झवर सरकतो. खोलीचा उंचवटा जागचा हलत नाही. तेव्हा निरनिराळ्या पट्टीतील दोन भजने तपासून जो उंचवटा दोहोंत एकाच जागी आढळेल, तोच कापावा. गायकाच्या मायक्रोफोनवर ८० हर्ट्झखालील भाग काढण्यास हरकत नाही. पखवाजाच्या मायक्रोफोनवर मात्र तसे केल्यास कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा गंभीर नाद दुबळा होतो.

टाळ आणि शब्द :
टाळांच्या नादाची ऊर्जा काही हजार हर्ट्झच्या वर दाटपणे पसरलेली असते. व्यंजनांची ओळख पटते तीही याच कक्षेत. 'चंद्र'मधील तालव्य च आणि 'चाक'मधील दंततालव्य च यांपैकी दुसऱ्याचा घर्षणध्वनी अधिक उच्च वारंवारतेचा असतो. स व श यांचेही तसेच. टाळांचा कर्कशपणा घालविण्यासाठी ५,००० हर्ट्झवरील भाग सरसकट खाली आणला की टाळ मऊ होतात, परंतु हे भेद पुसट होतात. कीर्तन शब्दप्रधान असल्याने ही हानी मोठीच मानावी लागेल.

या अडचणीचे बरेचसे उत्तर सॉफ्टवेअरच्या बाहेर आहे. टाळकरी कीर्तनकाराच्या मागे उभे असतात, म्हणजे कीर्तनकाराकडे रोखलेला मायक्रोफोन टाळांकडेही रोखलेला असतो. तो मुखापासून ३० सेंटिमीटरऐवजी १५ सेंटिमीटरवर आणल्यास शब्दांची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते आणि दूरचे टाळ जवळपास तेवढेच राहतात. त्यानंतर टाळांसाठी स्वतंत्र मायक्रोफोन असल्यास त्याच्यावरच रुंद पट्ट्याने दोन-तीन डेसिबल घटवावेत. एकाच मोबाईलवर सर्व मुद्रित झाले असेल तर याहून अधिक हात लावू नये.

मूळ मुद्रणाचे जतन :
ऑडॅसिटीच्या २०२२ मधील ३.२ या आवृत्तीपासून मूळ ध्वनी न बदलता परिणाम ऐकण्याची सोय झाली. त्यापूर्वी लावलेला परिणाम थेट ध्वनीवरच कोरला जाई, आणि आजही एमपी३ प्रत ठेवून मूळ फाइल पुसली जाते तेव्हा परिणाम तोच होतो. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण सुचविले आहे. या प्रमाणानुसार दोन वाहिन्यांच्या एक तासाच्या मुद्रणास सुमारे एक जीबी जागा लागते. सात दिवसांच्या सप्ताहातील रोजचे दोन तासांचे कीर्तन, कोणताही पट्टा न हलविता, १६ जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर मावते.