खडकाला बिलगणारं रबर

नवा रायपूरचे रस्ते रुंद आणि सरळ आहेत. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झालं आणि पुढे जुन्या रायपूरच्या आग्नेयेला ही राजधानी आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवली गेली. मंत्रालय, क्रिकेटचं स्टेडियम, जंगल सफारी, सारं प्रशस्त आणि सपाट. पण या सपाटीखाली काय आहे हे कळलं की पाऊल थबकतं. इथली चुनखडी शंभर कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राचा तळ आहे. झाडं, मासे, शिंपले यांतलं काहीही पृथ्वीवर नव्हतं, तेव्हा सूक्ष्मजीवांच्या थरांवर थर साचत गेले. त्यांच्या घुमटाकार खुणा, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, रायपूर भागातल्या चुनखडीत आजही पाहायला मिळतात. बलौदा बाजार आणि भाटापाऱ्याकडचे सिमेंटचे कारखाने याच दगडावर चालतात.

अशा एखाद्या उघड्या कातळावर रिमोटवर चालणारा रॉक क्रॉलर ठेवा. मूळ गाडीच्या एक दशांश आकाराची, अडीच-तीन किलोंची ही गाडी वेगासाठी बनवलेली नसते. चारही चाकांना मोटरचा जोर पोचवत ती इंचाइंचाने वर सरकते आणि माणसाला हात टेकून चढावं लागेल असा चढ चढून जाते. मोटर, बॅटरी, गिअर यांनी केलेलं सगळं काम शेवटी चार जागी जमिनीपर्यंत पोचतं, आणि त्यातली प्रत्येक जागा दोन-तीन बोटांएवढी असते. म्हणून क्रॉलर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न चाकं आणि टायर कोणते, हाच असायला हवा.

रबर नियम मोडतं

घर्षणाचे शाळेत शिकवले जाणारे नियम फ्रान्सच्या गियोम आमोंतों यांनी १६९९ साली मांडले. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं ते सांगतात. लाकूड आणि लोखंड हे नियम बऱ्यापैकी पाळतात. रबर पाळत नाही. रबरावरचा दाब वाढवला तर घर्षण वाढतं खरं, पण वजनाच्या मानाने कमी वाढतं. उलट तेच वजन जास्त जागेवर पसरलं तर पकड सुधारते. क्रॉलरचे टायर इतके मऊ आणि पोटाशी दबणारे का असतात, याचं उत्तर इथे आहे.

भिजवलेली कणीक टाकी लावलेल्या पाट्यावर दाबली तर ती प्रत्येक खाचेत शिरते. मऊ रबर खडकावर तेच करतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांमध्येही. तिथे दोन गोष्टी घडतात. रबराचे रेणू दगडाला क्षणभर चिकटतात, आणि खडकाच्या बारीक उंचवट्यांवरून सरकताना रबर दबतं, पुन्हा फुगतं, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. या दोन्हींतून पकड तयार होते. १९६३ साली के. ए. ग्रॉश यांनी दाखवून दिलं की वेग आणि तापमान बदलल्यावर रबराचं घर्षण कसं बदलतं, हे एकाच वक्ररेषेवर बसवता येतं. चाक किंचित सरकत असतं तेव्हा रबर सर्वांत घट्ट धरतं आणि गरागरा फिरू लागलं की सोडून देतं. क्रॉलर सावकाश का चालवायचा, याचं कारणही रबराच्या स्वभावातच आहे.

ही पकड घरी मोजता येते. दगडी फरशी किंवा खरबरीत फळी घ्या, चाकं फिरणार नाहीत अशी गाडी तिच्यावर ठेवा आणि फळी हळूहळू तिरपी करा. गाडी घसरते त्या कोनाची टॅन्जंट म्हणजे घर्षणाचा गुणांक. ४५ अंशांना तो बरोबर १ येतो आणि ५० अंशांना सुमारे १.१९. गुळगुळीत कडक प्लॅस्टिक वीस-पंचवीस अंशांतच घसरतं. दोन टायरमधला कोणता बरा, हे एका फळीवर आणि एका कोनमापकावर ठरतं.

हवा नाही, फोम आहे

खऱ्या जीपचा चालक खडकाळ वाटेवर टायरमधली हवा कमी करतो, म्हणजे टायर पसरतो. क्रॉलरच्या टायरमध्ये हवा भरलेली नसतेच. त्याचा आकार आतल्या फोमवर टिकतो, आणि रिमला किंवा टायरला बारीक भोक असतं. टायर दबला की आतली हवा तिथून निघून जाते. भोक बुजलं तर टायर फुग्यासारखा उसळू लागतो.

फोम निवडणं हे टायर निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. तो फार कडक असेल तर टायर फक्त आपल्या पृष्ठभागावरच्या गट्टूंच्या, म्हणजे रबराच्या उंचवट्यांच्या, टोकांवर उभा राहतो. फार मऊ असेल तर आडव्या उतारावर खालच्या बाजूचा टायर मुडपतो आणि गाडी कलंडते. म्हणून चांगल्या फोमला दोन थर देतात. आतला घट्ट थर वजन पेलतो, बाहेरचा मऊ थर खडकाचा आकार घेतो. मऊ फोम बहुधा उघड्या छिद्रांचा असल्याने पाणी शोषतो. ओढ्यात किंवा भाताच्या बांधाजवळ गाडी चालवणारे टायरला छोटी भोकं पाडून घेतात, म्हणजे चाक फिरताना पाणी बाहेर फेकलं जातं.

टायर रिमवर दोन प्रकारे बसतो. एक म्हणजे पातळ गोंदाने चिकटवून. दुसरा प्रकार बीडलॉकचा. त्यात टायरची कड दोन कड्यांमध्ये धरून स्क्रूंनी आवळतात. गोंदाचं चाक हलकं आणि स्वस्त पडतं, पण फोम बदलायचा तर ते उकळत्या पाण्यात टाकून सोडवावं लागतं. फोम आणि टायर बदलून पाहायचे असतील, आणि शिकणाऱ्याने ते पाहायलाच हवेत, तर बीडलॉक घ्यावा. एक दशांश मापाच्या बहुतेक क्रॉलरांवर १.९ इंची रिम आणि चाक आसावर धरणारा १२ मिलिमीटरचा षटकोनी हेक्स चालतो, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची चाकं एकमेकांच्या गाड्यांवर बसतात. त्याहून मोठ्या चाकांसाठी २.२ इंची रिम असते, तर १:२४ मापाच्या चिमुकल्या गाड्यांना १ इंची.

उंची, वजन आणि रुंदी

मोठा टायर घेतला की गाडी उंच होते आणि दगड पोटाला लागत नाहीत. याची किंमतही ठरलेली आहे. १०८ मिलिमीटर व्यासाच्या जागी १२० मिलिमीटरचा टायर लावला तर आस ६ मिलिमीटर वर जाते, पण जमिनीवरचा ओढण्याचा जोर १० टक्के घटतो, कारण मोटरचं तेच बळ आता लांब त्रिज्येच्या टोकाशी पोचवायचं असतं. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो.

गुरुत्वमध्य वर जाणं क्रॉलरला परवडत नाही. दोन आसांमधलं अंतर ३१ सेंटीमीटर, वजन पुढेमागे निम्मं-निम्मं आणि गुरुत्वमध्य ९ सेंटीमीटर उंच धरला, तर साधारण ६० अंशांच्या चढावर गाडी मागे उलटते. तोच गुरुत्वमध्य साडेसात सेंटीमीटरवर आणला आणि ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर घेतलं, तर ही मर्यादा ६८ अंशांपर्यंत जाते. पुढच्या रिममध्ये पितळी कडी बसवण्यामागे हाच हिशेब आहे. चाकातलं वजन स्प्रिंग दाबत नाही आणि सांगाड्याच्या खालीच राहतं. मात्र ते वाढवत गेलं तर स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), आस आणि गिअर थकतात. थोडं वजन घालावं, तेही पुढे.

रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हेक्स बसण्याच्या जागेचं अंतर, बदलून चाकं बाहेर काढली की आडव्या उतारावर गाडी जास्त तग धरते. पण चाक वळण्याच्या बिंदूपासून जितकं लांब जातं, तितका स्टिअरिंगवरचा ताण वाढतो आणि वळताना टायर बंपरला घासण्याचा संभव असतो.

चार माती, चार टायर

छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या मातीला चार नावं दिली आहेत: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचावर तांबडी, खड्यांची भाटा. खाली उतरत जावं तशी पिवळसर मटासी, मग डोरसा आणि सखल भागात काळी, चिकट कन्हार. काही शेतांच्या अंतरात जमीन इतकी बदलते की तीच गाडी वरून खाली नेली तर टायरचं काम पूर्ण पालटतं.

भाट्यावर लोहमिश्रित गोल खडे टायरखाली घरंगळतात. तिथे मऊ, रुंद आणि चांगला दबणारा टायर खड्यांना वेढून घेतो. कन्हार ओली झाली की जवळजवळ बसवलेल्या गट्टूंच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होऊन बसतो. तिथे उंच आणि दूर दूर बसवलेले गट्टू हवेत, म्हणजे चाक फिरताना चिखल गळून पडतो. उघड्या चुनखडीवर याच्या उलट. तिथे गट्टू जवळजवळ, रबर अगदी मऊ आणि प्रत्येक गट्टूवर बारीक चिरा हव्यात. चुनखडी आडव्या थरांत फुटते, म्हणून तिच्या पायऱ्यांच्या कडा धरायला टायरच्या बाजूवरही गट्टू असावेत. पावसाचं पाणी हा दगड विरघळवत असतं, त्यामुळे त्यावर खळगे पडतात. ते रबराच्या कामी येतात, पण पावसाळ्यात शेवाळ चढलं की तोच दगड पकड सोडतो.

उन्हाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या आसपास जातो आणि उघडा दगड त्याहून तापतो. अतिमऊ रबर तेव्हा लवकर झिजतं. उन्हाळ्यात सकाळी चालवावं आणि टायर सावलीत ठेवावेत.

मऊ रबर ही किती मोठी सोय आहे, हे मंगळ आणि चंद्रावरच्या गाड्यांकडे पाहिलं की कळतं. नैसर्गिक रबर उणे ७० अंशांच्या सुमारास काचेसारखं ठिसूळ होतं आणि मंगळाच्या रात्री त्याहून थंड असतात. म्हणून २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरला ॲल्युमिनियमची चाकं दिली. त्यांचा पत्रा काही जागी जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड होता. जमिनीत रुतलेल्या टोकदार दगडांनी त्याला भोकं पाडली. त्यानंतरच्या पर्सिव्हरन्स रोव्हरचा पत्रा जाड केला आणि चाकावरच्या पट्ट्या २४ वरून ४८ केल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ चा २६ किलोंचा प्रज्ञान रोव्हर सहा धातूच्या चाकांवर १०० मीटरहून जास्त फिरला. अंतराळ संस्थांच्या अभियंत्यांनाही प्रश्न हाच पडतो: समोर जमीन कोणती आहे?

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा ठेवा: आधी मऊ टायर आणि दोन थरांचा फोम, मग बीडलॉक रिम, मग पुढच्या चाकांत थोडं पितळ, आणि मोटर सगळ्यांत शेवटी. खरेदीआधी ज्या जमिनीवर गाडी चालवणार आहात तिथे जा. खडक, खडे, चिखल हाताने चाचपून पाहा आणि मगच टायर मागवा. नवा रायपूरच्या चुनखडीसाठी निवडलेला टायर कन्हारात रुतेल, तर कन्हारासाठीचा चुनखडीवर घसरेल. सगळ्या जमिनींना पुरणारा टायर नसतो, म्हणून आपल्या जमिनीचा टायर निवडावा.