मातीचा टिबेरियस

तेरच्या पांढरीतून जी खापरं, मणी आणि बाहुल्या निघाल्या, त्यांच्यात भाजलेल्या मातीच्या काही चकत्याही आहेत. आकार नाण्याएवढा, तोंडावर माणसाचं डोकं, वर दोरा ओवायला कडी किंवा भोक. हे डोकं रोमन सम्राटाचं आहे! दख्खनमध्ये ठिकठिकाणी मिळालेल्या अशा चकत्यांवर बहुधा टिबेरियसच्या नाण्यांचा ठसा दिसतो. त्याची कारकीर्द इ. स. 14 ते 37. म्हणजे समुद्र कधी न पाहिलेलं तेरणाकाठचं एखादं माणूस रोमचा बादशहा गळ्यात घालून बाजारात हिंडत असणार.

धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचं तेर आज आपल्याला गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक आहे. पण पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते ‘तगर’ या नावाने येतं: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर. तगर म्हणजेच तेर, हे 1901 मध्ये जॉन फ्लीट यांनी मांडलं. इथलं जाडंभरडं कापड आणि तलम मलमल बैलगाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात पोचे. तिथून जहाजं, मग तांबडा समुद्र, मग रोम.

आणि उलट दिशेने यायचं सोनं-चांदी.

सोन्यामागे माणसं धावल्याच्या गोष्टी आपण कॅलिफोर्नियाच्या ऐकतो. 1848 मध्ये तिथल्या एका लाकूड-गिरणीच्या पाटात सोन्याचे कण चमकले आणि जग तिकडे लोटलं. आपल्याकडे उलटं झालं. खाण दूर राहिली आणि सोनं स्वतःच चालत आलं. प्लिनी हा रोमन लेखक वैतागून लिहितो, की हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. शंभर सेस्टर्सचं एक सोन्याचं नाणं, साधारण साडेसात ग्रॅमचं. सगळं सोन्यातच मोजलं तर पाच लाख नाणी, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास! प्लिनीने रागाच्या भरात आकडा फुगवला असेल, आणि त्यातली बरीच रक्कम चांदीत येत असे. तरी निम्मं धरलं तरी डोळे विस्फारतात.

मग ते सोनं गेलं कुठे? बरंचसं वितळलं. परक्या राजाच्या तोंडापेक्षा आपल्याकडे वजनाला मान. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ 1898 मध्ये 501 रोमन सुवर्णनाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरूनच छिन्नीचा घाव घातलेला होता. आंध्र-तेलंगणातल्या ठेव्यांत भोकं पाडलेली नाणीही मिळतात, म्हणजे दागिना झालेली. ज्याला हे परवडत नव्हतं, त्याच्यासाठी कुंभार होता.

तेरचे कारागीर साच्यात वाकबगार. पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन साच्यांत दाबून केलेल्या पोकळ बाहुल्या हे इथलं वैशिष्ट्य. अशा हातांना नाण्याची नक्कल म्हणजे किरकोळ काम. मऊ मातीत खरं नाणं दाबलं की उलटा ठसा मिळतो. तो भाजला की साचा तयार. त्यात नवी माती दाबली की सम्राट सुलटा बाहेर येतो. मात्र माती वाळताना आणि भट्टीत आकसते. म्हणून नक्कल मूळ नाण्यापेक्षा किंचित लहान, आणि नकलेवरून केलेली नक्कल त्याहून लहान. लॅटिन अक्षरं तर पहिल्याच फेरीत पुसट होत असणार. वाचणारं कोण होतं म्हणा!

मला गंमत वाटते ती टिकण्याची. सोन्याला किंमत होती म्हणून ते आटवलं गेलं, आणि मातीच्या चकतीला मोडही येत नव्हती, म्हणून ती जमिनीत सुखरूप राहिली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा कवडीमोल वस्तू आयुष्यभर वेचल्या नसत्या, तर गावातल्या शासकीय संग्रहालयात आज काय असतं? तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्तीही पाहावी. तिच्याशी नातं सांगणारी भारतीय हस्तिदंती मूर्ती 1938 मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेखालून निघाली. त्या शहरावर राख टाकणाऱ्या इ. स. 79 च्या उद्रेकातच प्लिनीही गेला. हिंदुस्थानी चैनीच्या नावाने बोटं मोडणारा माणूस आणि ती चैन, एकाच ज्वालामुखीने गाठली.

पैसा गळ्यात घालायची ही हौस जिल्ह्यातून गेलेली नाही. तुळजापूरला भवानीच्या अलंकारांत मोहरांची माळ आहे, ती शिवरायांनी वाहिली असं सांगितलं जातं. भक्तांच्या गळ्यात असते कवड्यांची माळ, आणि कवडी हेही एके काळचं चलनच, दूरच्या समुद्रातून आलेलं. ती माळ आजही तुळजापुरातून प्रसादासारखी घरोघर जाते. तेरच्या एखाद्या कुंभाराने मातीचा टिबेरियस करायला घेतला, तर मी हौसेने विकत घेईन. फक्त साचा खऱ्या नाण्यावरून काढावा. जुन्या चकतीवरून काढला, तर बादशहा आणखी रोडावेल.